दांड्याचे तीन रत्तल

लुसी चालायला लागली त्या वर्षापासून इझाबेलच्या घरात दारामागच्या खुंटीला एक काथ्याचं दावं टांगलेलं असे. सकाळी वाडीत शिंपणं सुरू झालं की इझाबेल त्याचं एक टोक लुसीच्या कमरेला बांधी आणि दुसरं शेवग्याच्या बुंध्याला. गाठ पाठीमागे, लहान बोटं पोचणार नाहीत अशी. शेवग्यापासून बावखलाच्या काठापर्यंत अकरा पावलं होती आणि दावं आठ पावलांचं होतं. उरलेल्या तीन पावलांच्या भरवशावर इझाबेल वांग्यांना पाणी देई.

बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. फणसभाटात दर दोन-तीन घरांमागे एक होतं. त्यावर रहाट चाले, त्याच्या पाण्यावर केळी, पानवेली आणि भाजी होई, आणि त्यात दरवर्षी एखादं मूल पडे. लुसी दीड वर्षाची असताना पडली होती. इझाबेलची सासू थेरेसा हिनं तिला केसांना धरून बाहेर काढलं, आणि पाणी ओकून लुसी रडायला लागेपर्यंत थेरेसा एकेका संताला नावानिशी बोलावत राहिली. दुसऱ्या दिवशी इझाबेलनं दावं वळलं.

त्रेपन्न सालच्या पावसाळ्यात जिल्ह्याच्या बोर्डाचं पत्र पंचायतीत आलं. गावानं बालवाडी काढली, जागा दिली आणि निम्मा खर्च उचलला, तर उरलेला निम्मा बोर्ड देईल, दुधाची पावडरही पाठवील, असं त्यात होतं. सरपंच भालचंद्रभाऊंनी पत्र दोनदा वाचलं. पंचांना ते दोन्ही वेळा आवडलं नाही. पंचायतीचा पैसा रस्त्यावरच्या मोरीसाठी राखलेला होता, आणि पोरं सांभाळायला घरोघर आज्या आहेत, पंचायत कशाला हवी, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. इझाबेल मुळ्याची पाटी घेऊन बाजारातून परत येत होती. ती दारात थांबून ऐकत होती. ती घरी गेली, दावं घेऊन आली आणि पंचांच्या समोर टेबलावर ठेवलं.

एका पंचानं ते उचलून पाहिलं आणि वासरू विकलं काय म्हणून विचारलं.

"माझ्या मुलीचं आहे," इझाबेल म्हणाली. "तुमच्या घरचं कुठल्या झाडाला असतं?"

त्या पंचानं दावं खाली ठेवलं. प्रत्येकाच्या घरी असं एक दावं होतं आणि प्रत्येकाला ते झाड माहीत होतं. मोरी पुढच्या वर्षावर गेली.

पंचायतीनं सुकेळी वाळवायची जुनी शेड दिली. शेडला अजून वाळल्या केळ्यांचा गोड वास होता, त्यामुळे पोरं पहिल्या दिवशी आपणहून आत गेली. शिकवायला मथुरा आली. ती फणसभाटातल्याच एका वाडीवाल्याची मुलगी, बोर्डीला बालवाडीचं शिक्षण घेऊन आलेली, बावीस वर्षांची आणि अतिशय गंभीर. मदतीला थेरेसा लागली. सकाळी हंड्यात पाणी तापवायचं, त्यात पावडर घुसळायची आणि बत्तीस पोरांना बत्तीस पेले द्यायचे, हे तिचं काम. हंड्याच्या तळाशी जे खरपुडं धरे ते ती खरवडून आपल्या बकरीला घाली. तेवढं फेकून देणं तिला पाप वाटे.

दावं खुंटीला तसंच राहिलं. इझाबेल ते टाकून देणार होती, पण थेरेसानं हात धरला. "ठेव. पंचायत कोनाची झालीय? लागंल."

ऑक्टोबरात ठाण्याहून बोर्डाच्या बाई टांग्यातून आल्या. त्या उंच, सावळ्या आणि कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांच्यासोबत दवाखान्यातला काटा होता. त्यांनी बत्तीसही पोरांची वजनं स्वतः घेतली, मथुरेकडून तक्त्यात भरून घेतली आणि काटा पुन्हा टांग्यात ठेवला. जाताना त्यांनी सांगितलं की जानेवारीत गावातल्याच एखाद्या खात्रीच्या काट्यावर पुन्हा वजनं घ्यावीत आणि तक्ता पाठवावा. पहिल्या वर्षाची मदत मंजूर होती. पुढच्या वर्षाची त्या तक्त्यावर ठरणार होती.

गावात खात्रीचा काटा एकच होता, आणि तो इझाबेलच्या नवऱ्याच्या हातात होता.

सॅन्टन केळ्यांचा मापाडी होता. सतराव्या वर्षी त्यानं बापाच्या हातून काटा घेतला, त्याला आता पंधरा वर्षं झाली होती. वाडीवाला लोंगर कापून आणी, म्हणजे केळ्यांचा अख्खा घड, दांड्यासकट. सॅन्टन तो पारड्यात ठेवी, दुसऱ्या पारड्यात लोखंडी वजनं टाकी आणि आकडा पुकारी. दलाल हरेश्वर तो ऐके, वाडीवाला तो ऐके, आणि लोंगर गाडीत जाई. सॅन्टनच्या आकड्याला कोणी दुसऱ्यांदा विचारलेलं नव्हतं. एरवी तो फारसा बोलत नसे. चर्चमध्येसुद्धा त्याचे ओठ हलत, आवाज येत नसे. पण काट्यापाशी त्याचा आवाज पाच वाड्यांपलीकडे ऐकू जाई.

जानेवारीतल्या एका सोमवारी काटा शेडसमोरच्या फणसाच्या फांदीला टांगला. एका पारड्याच्या जागी मोठी करंडी बांधली, तिच्यात केळीची सुकी पानं अंथरली आणि तिच्या भाराचा दगड समोरच्या पारड्याखाली बांधून काटा सरळ केला. रत्तलाची वजनं घासून ओळीनं मांडली. बाईंच्या तक्त्यात पौंड होते, पण रत्तल आणि पौंड एकच हे मथुरेला माहीत होतं. पोरांना करंडी फार आवडली. सॅन्टन एकेकाला काखेत धरून उचली, आत ठेवी, करंडी हलायची थांबेपर्यंत वाट पाही आणि आकडा पुकारी. पहिल्या पोराला तो सवयीनं एक न म्हणता 'लाभ' म्हणाला. मापाडी लोंगर मोजताना तसंच म्हणतो. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मथुरा हसली नाही. ती खाली मान घालून तक्ता भरत होती. तासाभरात काम झालं, उतरलेली पोरं पुन्हा रांगेत लागली होती, त्यांना हाकलावं लागलं.

दुपारी मथुरेनं ऑक्टोबरचा रकाना आणि जानेवारीचा रकाना शेजारी शेजारी ठेवून पाहिला. मग ती उठून पाणी प्यायली आणि पुन्हा पाहिला.

लुसी ऑक्टोबरात एकोणतीस होती, आता सत्तावीस. सेबेस्टियनचा फ्रेडरिक चौतीस होता, आता बत्तीस. बत्तीस पोरांपैकी एकाचंही वजन वाढलं नव्हतं. तीन महिने दूध पिऊन प्रत्येक मूल दीड ते अडीच रत्तलांनी उतरलं होतं.

भालचंद्रभाऊंना तिनं तक्ता दाखवला तेव्हा ते माडाखाली नारळ सोलत बसले होते. त्यांनी आधी पहारीवरचा नारळ पुरा सोलला. मग त्यांनी सुचवलं की साताचा नऊ करायला फारसं काही लागत नाही. मथुरेनं सांगितलं की लिहिलेला आकडा खोडायचा नाही असं तिला बोर्डीला शिकवलंय. आणखी एक गोष्ट तिला खटकत होती. ताप आला तर एक मूल उतरतं, जंत झाले तर चार उतरतात. इथे जाडं आणि बारीक सगळी सारखीच उतरली होती. असं शरीराचं होत नाही, ती म्हणाली. भाऊंनी तिच्याकडे पाहिलं आणि मग बोर्डीला आणखी काय काय शिकवतात म्हणून विचारलं. तक्ता मंगळवारच्या टपालानं गेला.

बातमी त्याच्या आधी निघाली होती. बुधवारपर्यंत फणसभाटात तीन मतं झाली. परदेशी पावडरीनं हाडं विरघळतात, हे पहिलं. मथुरा पोरांना फार नाचवते, हे दुसरं. तिसरं मत कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं, पण बायका थेरेसाच्या कुंपणाशी थांबून तिच्या बकरीकडे पाहत आणि पुढे जात. त्या तीन महिन्यांत फणसभाटात एकट्या बकरीचं वजन वाढलं होतं. ते काट्याशिवाय दिसत होतं.

थेरेसाच्या ते लक्षात आलं तेव्हा ती कुंपणापाशी जाऊन उभी राहिली आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकीला न विचारता सांगू लागली. "खरपुडं घातलं. पोरांच्या तोंडचं नाय घातलं. पायजे तर चर्चात आल्तारावर हात ठेवते." दुपारपर्यंत तिचा घसा बसला. मग तिनं बकरीला घरामागे नेऊन बांधलं, त्यामुळे संशय वाढला.

वजन उतरलं असं काटा म्हणतो तर उतरलं असेल, एवढंच सॅन्टनचं मत होतं. रात्री जेवताना त्यानं लुसीच्या ताटात आपल्या वाटचा मासा ठेवला.

बोर्डाचं उत्तर पंधरा दिवसांनी आलं. बाई शनिवारी सकाळी पाहणीला येणार होत्या. वजनं त्यांच्यासमोर पुन्हा घ्यायची होती, त्याच काट्यावर. तीन महिन्यांत बालकांना फायदा झाल्याचं दिसलं नाही, तर मार्चनंतर बोर्डाचा वाटा बंद होईल. पंचांनी लगेच सांगून टाकलं की बोर्डाचा वाटा गेला तर पंचायतीचाही जाईल, मोरी अजून तशीच पडलेली आहे. हे कळलं त्या संध्याकाळी इझाबेल घरी आली तेव्हा थेरेसा ओट्यावर बसून दाव्याला तेल लावत होती. काथ्या वाळून चरचरत होता. पोरीच्या कमरेला टोचला असता.

"आय, ते ठेवा," इझाबेल म्हणाली.

थेरेसा म्हणाली की ती ठेवणारच आहे, पण नरम करून. लुसी तिच्यासमोर उभी राहून बालवाडीत शिकलेलं फुलपाखराचं गाणं हातवारे करून म्हणत होती, आणि दोन्ही हात पसरून गोल फिरत होती. इझाबेलनं मनात अकरा पावलं मोजली. लुसी आता साडेचार वर्षांची होती. तिच्या हाताला पाठीमागची गाठ पोचली असती.

त्या आठवड्यात फणसभाटात पोरांना खायला घालण्याशिवाय दुसरं काम झालं नाही. पाहुण्यांसाठी ठेवलेली सुकेळी निघाली. अंडी बाजारात जायची थांबली. नारळाच्या रसातली पेज सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला. पानवेलींच्या मांडवाखालून, विहिरीमागून, पडवीतून, खा म्हणणाऱ्या आणि नको म्हणणाऱ्या आवाजांची एकच कुरबुर चाले. बुधवारी फ्रेडरिकला अजीर्ण झालं आणि मिळवलेलं सगळं एका दुपारीत गेलं. त्याची आई पायरीवर बसून रडली.

गुरुवारी इझाबेलच्या वाडीतली केळी उतरायची होती. थंडी होती. पहाटे तिनं रहाट जुंपला, बैल गोल फिरू लागला, मडकी भरून वर येऊ लागली. ती कुदळ घेऊन पाटात उतरली. एका वाफ्याचं तोंड बंद करायचं, दुसऱ्याचं फोडायचं, पाणी पुढे सरकेपर्यंत थांबायचं. पिंडऱ्यांपर्यंत चिखल गार लागत होता. उन्हं आली तसा हरेश्वर गाडी घेऊन आला. सॅन्टननं कोयत्यानं लोंगर उतरवले. डाव्या हातानं दांडा पेलायचा आणि उजव्यानं एकच घाव, झाड कलेपर्यंत लोंगर खांद्यावर आलेला असे. काटा शेवग्याला टांगला. इझाबेल पाणी सरकायची वाट बघत कुदळीवर रेलून उभी होती. पाहण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून ती काट्याकडे पाहत होती.

सॅन्टननं पारड्यात अठ्ठावीसचं वजन ठेवलं. वर सातचं ठेवलं. काटा सरळ झाला.

"बत्तीस," सॅन्टननं पुकारलं.

हरेश्वरनं मान हलवली. लोंगर गाडीत गेला. पुढच्याला अठ्ठावीस आणि चार. "एकोणतीस." त्याच्या पुढच्याला अठ्ठावीस, सात आणि दोन. "चौतीस."

लग्न झाल्यापासून सहा वर्षं ती हे ऐकत होती. लोंगरामागे दांड्याचे तीन रत्तल सोडायचे, दांडा कोणी खात नाही, हा बाजाराचा रिवाज होता. सॅन्टन ते मनात करत नव्हता. त्याच्या डोळ्याला पस्तीस दिसत आणि तोंडातून बत्तीस निघत, मधे काही घडत नसे. इझाबेलच्या पायाखालचा वाफा भरून वाहू लागला, पाणी मुळ्यात शिरलं, तरी ती उभी होती.

हरेश्वर गेल्यावर जेवताना तिनं विषय काढला. सॅन्टन आधी हसला. मग त्याला ती थट्टा करत नाही हे दिसलं. पोरांना दांडा असतो का, त्यानं विचारलं. ती म्हणाली, नसतोच, म्हणून तर विचारते. त्यानं भाकरी खाली ठेवली. बापाच्या हयातीत आणि त्याच्या हयातीत या काट्यावर कोणी बोट ठेवलं नव्हतं, आणि आता घरातून ठेवलं जात होतं, असं तो हळू आवाजात म्हणाला. तिनं लुसीला आत्ता मोजून बघा म्हटलं. तो हात धुवायला उठला. शुक्रवारी दिवसभर तो तिच्याशी बोलला नाही. फक्त एकदा ती गोठ्यात गेली असताना तिला मागे आवाज आला. सॅन्टन बैलाकडे बघत पुटपुटत होता, "तीस म्हणजे तीस. तीस म्हणजे तीस."

शनिवारी बाई आल्या तेव्हा फणसाखाली सगळं गाव होतं. हरेश्वरसुद्धा गाडी उभी करून आला होता. पोरं न्हाऊन, तेल लावून, नव्या कपड्यांत रांगेनं उभी होती आणि विलक्षण हळू चालत होती. फ्रेडरिकला पुढे बोलावलं. तो दोन पावलं आला आणि त्याची चड्डी घसरली. बाईंनी वाकून ती वर केली, मग खिशात हात घातला. खिशातून रहाटाचे दोन खिळे आणि एक लोखंडी नट निघाला. दुसऱ्या मुलाच्या खिशात समुद्रावरचे गोटे होते. एका मुलीच्या परकराच्या नेफ्यात जाळ्याला लावायचं शिसं ओवलेलं होतं, ते काम फार सफाईनं केलेलं होतं.

बाईंनी सगळं एका पाटीत जमा केलं आणि पाटी हातानं तोलून पाहिली. मग त्यांनी पेनला टोपण लावलं. या गावचे आकडे खरे धरता येणार नाहीत, तसं मला लिहावं लागेल, असं त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. त्या वही मिटू लागल्या. मथुरेच्या डोळ्यांत पाणी आलं. भालचंद्रभाऊ फणसाच्या फांद्यांकडे पाहू लागले.

इझाबेलनं लुसीला उचललं, तिचे दोन्ही खिसे उलटे करून बाईंना दाखवले आणि तिला करंडीत ठेवलं.

"बाई, एकीचंच बघा," ती म्हणाली. "पण कानांनी नको. डोळ्यांनी."

बाई थांबल्या. सॅन्टन काट्यापाशी आला. त्यानं इझाबेलकडे पाहिलं नाही. अठ्ठावीसचं वजन ठेवलं, करंडी वर उचलली गेली नाही. वर दोनचं ठेवलं. काटा हलला, थांबला, सरळ झाला. सॅन्टनचे ओठ हलले.

"किती?" बाईंनी विचारलं.

"सत्तावीस," सॅन्टननं पुकारलं, पाच वाड्यांपलीकडे ऐकू जाईल असं.

बाईंनी पारड्यात पाहिलं. सॅन्टननंही पाहिलं. तो बराच वेळ पाहत राहिला, जणू ती वजनं दुसऱ्या कोणी ठेवली होती.

"अठ्ठावीस आणि दोन," बाई म्हणाल्या. "मग हे सत्तावीस कसे?"

सॅन्टनला ते टाळता आलं असतं. जीभ घसरली म्हणता आलं असतं. त्यानं टोपी काढली.

"दांडा," तो म्हणाला. "दांड्याचे तीन वजा केले. मागच्या वेळीही केले असणार. बत्तीस पोरांचे." मग त्याला वाटलं की एवढ्यानं पुरं झालं नाही. "बकरीचा काही दोष नाही."

पहिल्यांदा थेरेसा हसली, घसा बसलेला असल्यामुळे ते हसणं करवतीसारखं निघालं. मग कोणालाच आवरलं नाही. लुसीला वाटलं आपण काहीतरी चांगलं केलं, म्हणून ती करंडीत उभी राहून फुलपाखराचं गाणं म्हणू लागली. मथुरा तक्ता घेऊन भराभर प्रत्येक आकड्यात तीन मिळवत होती. ऑक्टोबरच्या एकोणतीसला तीस. चौतीसला पस्तीस. सगळी वाढली होती. रत्तल, दीड रत्तल, कोणी अर्धा, पण वाढली होती.

बाई हसल्या नाहीत. पण त्यांनी पेनचं टोपण काढलं. बेरजेवर भागणार नाही, त्या म्हणाल्या, सगळी पुन्हा मोजायची, खिसे रिकामे करून. आकडा मथुरेनं वजनं वाचून सांगायचा, मापाड्यानं तोंड उघडायचं नाही. आणि दांड्याचं वजन खरोखर तीनच असतं का, ते कोणी पाहिलंय, हेही त्यांनी विचारलं. कोणीच पाहिलेलं नव्हतं. बकरीसाठी आणून टाकलेला एक सोललेला दांडा शेडच्या कुंपणापाशी पडला होता. बाईंनी तो करंडीत ठेवायला लावला. त्याला दोन रत्तल पुरले, उलट दोनाचं पारडंच थोडं खाली गेलं.

सगळ्यांनी हरेश्वरकडे पाहिलं. हरेश्वरला गाडीची आठवण झाली. स्टेशनवर वेळेत पोचायचं होतं.

एकवीस पोरं झाल्यावर भालचंद्रभाऊंना राहवेना. काटा खरा आहे याची पंचायतीच्या वतीनं खात्री करून घ्यायला हवी, असं म्हणून ते स्वतः करंडीत बसले. करंडीचा दोर तीस-चाळीस रत्तलांच्या लोंगराचा होता. तो तुटला. भाऊ सुक्या पानांत बसले आणि तिथेच बसून राहिले, कारण कमरेत चमक भरली होती. त्यांना उचलताना त्यांनी सांगितलं की हे टिपणात घेऊ नये.

अकरा पोरं राहिली होती आणि दोर नव्हता. हरेश्वरच्या गाडीला होता, पण गाडी गेली होती. बाई घड्याळ पाहत होत्या. इझाबेल वाडीतून धावत घरी गेली. दारामागच्या खुंटीवरून तिनं दावं काढलं. तेल लावल्यामुळे ते हाताला मऊ लागत होतं. ती परत आली तेव्हा तिच्या छातीचा भाता चालू होता. सॅन्टननं दावं घेतलं, दुहेरी केलं, करंडीच्या कानांतून ओवलं आणि गाठ मारली. मग गाठीकडे पाहून ती सोडली आणि पुन्हा दोन गाठी मारल्या. अकरा पोरं त्या दाव्यावर चढली आणि उतरली.

जाताना बाईंनी दाव्याला हात लावून पाहिला आणि चांगलं आहे म्हणाल्या. ते कशासाठी वळलं होतं, हे इझाबेलनं सांगितलं नाही. पंचांपैकी ज्यानं वासराचं विचारलं होतं तो पलीकडे पाहत उभा होता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात बोर्डाचं पत्र आलं. पुढील वर्षाची मदत मंजूर झाली होती. पत्राच्या खाली बारीक अक्षरात एक सूचना होती, की बालकांची वजने कोणतीही सूट वजा न करता घ्यावीत. भालचंद्रभाऊंनी ते पंचांसमोर दोनदा वाचलं. आता वाडीवाले लोंगरामागे दोनच रत्तल सोडत होते आणि हरेश्वर ते ऐकून घेत होता, त्यामुळे पंचांना पत्र या खेपेला दोन्ही वेळा आवडलं. पाठीमागे गावातली पोरं सॅन्टनला दांडा म्हणत, त्याला इलाज नव्हता. काट्यापाशी तो आता आकडा पुकारण्याआधी जरा थांबे, रस्ता ओलांडणारा माणूस थांबतो तसा.

एप्रिलच्या वजनाच्या दिवशी थेरेसा फणसाखाली आली आणि दाव्याकडे बोट दाखवून म्हणाली, की दूध पिऊन माजलेली बकरी कुंपण तोडतेय, आता एवढं दावं घरी न्यावं.

इझाबेल लुसीला करंडीत ठेवत होती. "ते नाही मिळायचं, आय," ती म्हणाली. "ते बोर्डाच्या कामात आहे."

"मग हिला कशानं बांधू?"

इझाबेलनं ते बकरीबद्दल आहे याची आधी खात्री करून घेतली. मग तिनं सांगितलं की उद्या दुसरं वळून देते, चार पावलांचं.